डाव्या हाताचा रिपोर्ट

डॉक्टर म्हणून उभ्या आयुष्यात मी चुकले ती मोजून दोनदा. आमचे हे म्हणतात, "तिसरी चूक समोर बसून चहा पितेय," पण ती मी धरत नाही. पहिली चूक अगदी सुरुवातीची, दुसरी निवृत्तीनंतरची. दोन्ही चुका हाताच्याच, आणि दुसरीनं एका म्हाताऱ्या बाईचा बाप तिच्यापासून तीन आठवडे हिरावून घेतला. ती सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

छत्तीस वर्षं मी शिकागोत रेडिऑलॉजिस्ट होते. एक्स-रे बघायचे आणि आत काय मोडलंय ते लिहून द्यायचं. मला हे काम उत्तम येत होतं, उगाच नम्रपणा कशाला करू? सर्जन लोक माझ्या टेबलाशी येऊन उभे राहायचे आणि मी म्हणेन ते ऐकायचे. आता निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. डेव्हन ॲव्हेन्यूपासून चार ब्लॉकवर आमचं जुनं विटांचं घर आहे. रविवारी लोक साड्या आणि मिठाया घ्यायला येतात आणि आमच्या दारात गाड्या लावतात, त्यांच्याशी भांडणं हा माझा सध्याचा व्यायाम.

शेजारच्या घरात एक अमेरिकन बाई एकटी राहते. वय त्र्याण्णव. मनातल्या मनात मी तिला आजी म्हणते, पण तोंडावर नावानंच हाक मारते, कारण इथं नव्वदीच्या बाईलाही नावानंच हाक मारायची रीत आहे. ती मला 'डॉक' म्हणते. तिचा मुलगा ॲरिझोनात, फोनवरून काळजी करतो. मी चिवडा घेऊन गेले की ती तो वाटीत घालून चमच्यानं खाते, शेंगदाणे शेवटाला ठेवते आणि बापाच्या गोष्टी सांगते.

तिचा बाप सिनेमात होता. मुका सिनेमा, अगदी सुरुवातीचा, जेव्हा सिनेमे कॅलिफोर्नियात नाही तर इथं शिकागोत बनायचे. आमच्या घरापासून बसनं वीस मिनिटांवर स्टुडिओ होता म्हणे. हा तिथल्या फाटकाशी रोज सकाळी जाऊन उभा राहायचा. वय एकोणीस, खिशात दमडी नाही आणि डाव्या हाताची शेवटची दोन बोटं नाहीत. पोरवयात तळ्यावरचा बर्फ कापायच्या कामावर होता, तिथं करवतीत गेली. एक दिवस आतून माणूस आला आणि म्हणाला, छपरावरून पडायला कोण तयार आहे? ह्यानं हात वर केला, उजवा.

तेव्हापासून तो पडायला लागला. छपरावरून पडायचा, शिडीवरून पडायचा, घोड्यावरून पडायचा, ऐन थंडीत तळ्यात पडायचा. आठवड्याला दोन सिनेमे निघायचे आणि प्रत्येकात कुणीतरी पडायला लागायचं. आजी सांगायची, "माझा बाप देशातला सगळ्यात चांगला पडणारा माणूस होता." मग एकदा हिरोला गालगुंड झालं. सेट तयार, घोडे भाड्यानं आणलेले, आणि हिरोचं थोबाड भोपळ्याएवढं! कंपनीनं ह्यालाच उभा केला. त्या एका सिनेमात तो हिरो होता आणि एकदाही पडला नाही.

पुढं कॅमेरा जवळ जवळ यायला लागला. माणसांचे चेहरे मोठे दिसू लागले, तसे हातही. मालकानं पडद्यावर तो हात बघितला आणि सांगितलं, हा लपवायचा. एका हातानं काय काय करणार बिचारा? मग कंपनीनं बाडबिस्तरा गुंडाळून कॅलिफोर्निया गाठलं, ह्याला कुणी ये म्हटलं नाही. उरलेलं आयुष्य तो ट्रामवर कंडक्टर होता. डाव्या हातात बारा महिने हातमोजा, जूनच्या उकाड्यातही. हातमोज्याच्या शेवटच्या दोन बोटांत कापूस भरलेला असायचा, म्हणजे कुणाला कळू नये. आजी लहान असताना दर रविवारी तो दबलेला कापूस काढून नवा भरायचा, हे तिचं काम. बापाचा उघडा हात तिनं कधी पाहिला नाही. "दारामागून द्यायचा हातमोजा," ती म्हणायची, "आणि दारामागूनच घ्यायचा." डाव्या हाताचे असे दोन हातमोजे होते. त्याला पुरलं तेव्हाही हातात एक होता, दुसरा हिनं ठेवून घेतला.

घरात हे सगळं कुणालाच खरं वाटायचं नाही. भाऊ हसायचे, पुढं भाचेही हसायला लागले. सिनेमा कुणी पाहिलेला नाही, फिल्म शिल्लक नाही, पुरावा म्हणून भिंतीवर कंडक्टरच्या टोपीतला एक फोटो, त्यातही हातमोजा! आणि आजीचे डोळे चाललेले. नजरेच्या मधोमध डाग पडलाय, समोरच्याचा चेहरा बघायला गेलं की नेमका चेहराच पुसला जातो. डॉक्टरनं सांगितलं होतं, कडेचं दिसतंय तेही फार दिवस टिकणार नाही. ती मला एकदाच म्हणाली, पुन्हा कधी तो विषय काढला नाही, "डॉक, दिसणं बंद व्हायच्या आधी मला त्याला एकदा हिरो झालेला बघायचाय. बाकी माझं काही मागणं नाही."

आता आमच्या तळघरात भाड्यानं राहणाऱ्या मुलीबद्दल सांगते. ती नागपूरची. जुन्या फिल्म टिकवायच्या कशा, ह्याचं शिक्षण घेऊन इथल्याच एका फिल्म संग्रहात काम करते. तिचे बाबा बँकेत होते, ते फोनवर अजून विचारतात, "बेटा, सिनेमाचं लोणचं घालायची पण डिग्री असते का?" गुणी पोर. बुद्धपौर्णिमेला विहारातल्या कार्यक्रमाहून येताना आमच्यासाठी डबाभर खीर आणते, आणि ह्यांची शुगर बघता तो डबा मी लपवून ठेवते. मी तिला आजीच्या बापाची गोष्ट पहिल्याच थंडीत सांगितली होती.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी ती धापा टाकत वर आली, लॅपटॉप छातीशी धरून. "काकू, तुम्ही आधी बसा बरं." विस्कॉन्सिनमधल्या एका बंद पडलेल्या शाळेच्या अडगळीतून डबे आले होते. त्यातल्या एकात चार मिनिटांचा तुकडा होता, पुढचं-मागचं सगळं सडलेलं, नाव नाही, अक्षर नाही. "पण हिरोच्या एका हाताची दोन बोटं नाहीत, काकू!"

मी बसते कसली! आधी मागच्या दाराशी गेले आणि कुंपणावरून ओरडले, "अगं, तुझा बाप सापडला बहुतेक!" झाली ना घाई? आजी पोर्चवर आली, चप्पल एका पायात. मी म्हटलं, थांब, मी बघून सांगते.

कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या होत्या, तिसरीची वाट बघत मी ओट्याशी उभ्या-उभ्या तो तुकडा पाहिला. गावातला चौक, घोडे, टोप्या घातलेले बाप्ये, एक मुलगी. हिरो घोड्यावरून उतरतो, मुलीकडे जातो, आणि शेवटी गर्दीकडे वळून टोपी उंच उचलतो. टोपी धरलेल्या हाताची करंगळी नाही, तिच्या शेजारचं बोट नाही. चेहऱ्यावर पावडरचा थर आणि डोळ्यांत काजळ, भिंतीवरच्या त्या मिशीवाल्या कंडक्टरशी ताडून बघायची सोय नाही. मी एकच गोष्ट बघितली. हात उजवा होता.

"हा नाही," मी म्हटलं. "तिच्या बापाचा डावा होता. हा उजवा."

"काकू, नक्की का?"

"छत्तीस वर्षं हातच बघितलेत मी."

पोरीचा चेहरा उतरला. मग तीच म्हणाली, त्या काळात गिरण्या, कत्तलखाने, बर्फाची कामं, अर्ध्या शिकागोची बोटं गेलेली असायची, दुसराही कुणी असेल. तेवढ्यात तिसरी शिट्टी झाली. मी गॅस बंद केला आणि शेजारी गेले.

आजीनं मला फक्त एवढंच विचारलं, "तू स्वतः बघितलंस?"

"मी स्वतः."

"मग तसंच असणार," ती म्हणाली. दाखव म्हणाली नाही, पुन्हा बघ म्हणाली नाही. माझ्या शब्दावर विश्वास, दुसरं काय! चारपाच दिवसांनी मी चिवडा घेऊन गेले तर भिंतीवर फोटो नव्हता. नुसता खिळा होता, आणि त्याच्याखाली वॉलपेपरचा एक चौकोन बाकीच्यापेक्षा गडद. मी विचारलं तर म्हणाली, "भाऊ बरोबर होते, डॉक. तो थापा मारायचा. छान मारायचा, एवढंच." चिवडा तिनं चमचाभरही खाल्ला नाही. मला वाईट वाटलं, पण अपराधी अजिबात वाटलं नाही. खरं ते सांगितलं, त्यात माझा काय दोष?

तीन आठवडे गेले. मार्चमधली एक सकाळ, वरून बर्फ आणि पाणी एकदम पडतंय, आणि कचऱ्याची गाडी यायची वेळ झालेली. ह्यांना हाका मारून मी दमले, शेवटी दाराशी ह्यांचाच कोट टांगलेला होता तो अंगावर घेतला आणि डबा ओढत बाहेर गेले. वारा आत घुसायला लागला म्हणून बटणं लावायला गेले तर सापडेनात. बोटं जिथं जातात तिथं काजं, बटणं पलीकडच्या बाजूला. बाप्यांच्या कोटाची बटणं उजवीकडे असतात, आपली डावीकडे, जन्मभर माहीत असलेली गोष्ट. मी चिडून म्हटलं, काय मेला उलटा कोट आहे!

आणि तशीच उभी राहिले. कारण असला उलटा कोट मी नुकताच कुठंतरी पाहिला होता. एकाच्या नाही, चौकातल्या सगळ्यांच्या अंगावर.

माझी पहिली चूक आता सांगायला हवी. मी शिकाऊ डॉक्टर होते, अमेरिकेत येऊन वर्षही झालं नव्हतं. अपघातातला एक माणूस आणला, बेशुद्ध, दोन्ही हात सुजून टम्म. एक्स-रेची फिल्म दिव्यासमोर टांगायची असते आणि ती दोन्ही बाजूंनी सारखीच स्वच्छ दिसते. हृदय असेल तर कळतं तरी, की बाजू कुठली. हाताचं काहीच कळत नाही. डावा हात उलटा टांगला की तो उजवा हात, ब्रह्मदेवालाही फरक कळायचा नाही. म्हणून फोटो काढतानाच कोपऱ्यात शिशाचं एक अक्षर ठेवतात, डावं की उजवं सांगणारं. त्या फिल्मवर अक्षर नव्हतं, आणि मी ठासून उजवा लिहिला. मोडलेला डावा होता. आमच्या वरिष्ठांनी प्लास्टर चढायच्या आत पकडलं. मला बोलावून त्यांनी ते शिशाचं अक्षर माझ्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाले, हे दिसल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. त्यानंतर छत्तीस वर्षं मी उघडलं नाही. शिकाऊ पोरांना मी ह्यावरून रडवलंय. आणि स्वतःच्या स्वयंपाकघरात, कुकरच्या शिट्ट्या मोजत, मी बिनअक्षराच्या फिल्मवर हाताचा रिपोर्ट देऊन मोकळी झाले होते!

"कचऱ्याच्या डब्याशी काय बोलतेयस?" हे दारातून विचारत होते.

"गप्प बसा," मी म्हटलं आणि तशीच ओल्या पायांनी तळघरात गेले. पोर नुकती उठली होती. "लाव ते," मी म्हटलं. "बटणं बघ सगळ्यांची."

तिनं चित्र थांबवून मोठं केलं. अकरा बाप्ये होते आणि अकराही जणांचे कोट बायकांसारखे मिटलेले. तिनं घोड्यांवर बोट ठेवलं. "काकू, हे सगळेच्या सगळे उजव्या बाजूनं चढून राहिले घोड्यावर. असं कोणी चढत नाही, डाव्या बाजूनं चढतात." मग तिनं कपाळावर हात मारला. आलेला तुकडा मूळ फिल्मचा नव्हता, कुणीतरी फार वर्षांपूर्वी काढलेली कॉपी होती. काढताना मूळ फिल्म उलट्या बाजूनं घातलेली. कॉपी स्वतः सरळच दिसत होती, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. "बोर्ड नाही, अक्षर नाही, कशावरून कळणार होतं?" ती म्हणाली. पोर माझी समजूत काढत होती, पण मला माझी समजूत काढून घ्यायची नव्हती. मला कळायला हवं होतं. माझं कामच ते होतं.

तिनं एक बटण दाबलं. सगळा चौक आरशातून बाहेर आल्यासारखा फिरला, आणि टोपी उचलणारा हात डावा झाला.

दहा वाजता आम्ही दोघी शेजारी गेलो. आजीनं दार उघडलं आणि मान तिरकी करून कडेच्या नजरेनं माझ्याकडे बघितलं. "डॉक? कुणी गेलं की काय?"

"नाही. मी चुकले." पुढं बरंच बोलायचं ठरवून गेले होते, पण मला रडूच फुटलं. "तुझा बापच आहे तो. डावाच हात आहे. मी उलटं बघितलं."

"तू चुकलीस?" ती म्हणाली. "तू?" आणि हसायला लागली, हसता हसता तिला खोकला लागला, आणि खोकला थांबला तेव्हा ती हसत नव्हती. "तीन आठवडे मी माझ्या बापाला खोटारडा म्हणतेय, डॉक. मुलाला फोन करून सांगितलं मी, तुझा आजोबा खोटारडा होता. मेलेल्या माणसाची माफी कशी मागतात, सांग ना. तू तर हुशार आहेस."

मी तिचा हात धरून सोफ्यावर बसले. पोरीनं लॅपटॉप टीव्हीला जोडला.

आजी टीव्हीकडे जवळजवळ पाठच करून बसली, कारण डोळ्याच्या कोपऱ्यातूनच तिला दिसतं. मी सांगत राहिले, आता घोडा येतोय, आता उतरला, आता मुलीकडे चाललाय. "चालतो तसाच," ती म्हणाली. "खांदा एक खाली. ट्राममध्ये तसाच चालायचा." मग तो गर्दीकडे वळला आणि त्यानं टोपी उचलली. पोरीनं चित्र तिथंच थांबवलं. सबंध पडद्यावर तो हात, तीन बोटांत टोपी धरलेला, आणि खाली तोंडभर हसणारा एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा.

"हातमोजा नाही," आजी म्हणाली.

"नाही."

"एवढ्या लोकांसमोर." तिनं डोळे पुसले नाहीत, पाणी तसंच वाहू दिलं. "आणि घरात मला दारामागून द्यायचा."

पाच वेळा तरी आम्ही तो तुकडा बघितला. पाचव्यांदा मी काही सांगितलं नाही, तीच मला सांगत होती, आता बघ, आता वळेल. मग ती ताठ बसली आणि म्हणाली, "हे मला लिहून हवं. माझ्या मुलासाठी, भाच्यांसाठी. रीतसर, तू हॉस्पिटलमध्ये द्यायचीस तसं."

माझं जुनं पॅड घरात कुठंतरी होतं, ह्यांनी शोधून आणून दिलं. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच मी रिपोर्ट लिहिला, तिच्या जेवणाच्या टेबलाशी बसून. तपासलेला भाग, डावा हात. बाजूची खात्री कशावरून केली, कोटांची बटणं आणि घोड्यांवरून. करंगळी आणि शेजारचं बोट नाही, जखम जुनी, भरलेली. निष्कर्ष, हा माणूस ह्या बाईचा बाप आहे आणि तो सिनेमात हिरो होता. खाली सही केली. आधीचा तोंडी रिपोर्ट माझ्याकडून चुकीचा दिला गेला, हेही लिहिलं, कारण तशी पद्धत आहे. संग्रहाच्या यादीत त्या तुकड्यापुढं 'अनोळखी पुरुष' लिहिलेलं होतं. तिथं आता त्याचं नाव आहे. ते मी इथं लिहीत नाही, ते आजीच्या घरचं आहे.

मी रिपोर्ट तिला मोठ्यानं वाचून दाखवला, निष्कर्ष दोनदा. फोटो कपाटातून काढून खिळ्यावर लावला. तोवर ती आत जाऊन एक छोटा डबा घेऊन आली. त्यात तो हातमोजा होता, काळा, चामडं तडकलेलं, शेवटची दोन बोटं अजून टम्म भरलेली. तिनं तो मांडीवर घेतला, टेबलावरची हेअरपिन उचलली आणि दोन्ही बोटांतला कापूस हळूहळू ओढून काढला. पिवळा पडलेला कापूस, तिनंच भरलेला. हातमोजा तिनं फोटोच्याच खिळ्याला अडकवला, तीन बोटं ताठ, दोन चपटी लोंबणारी, आणि कापूस माझ्या हातात दिला.

"जाताना कचऱ्यात टाक, डॉक," ती म्हणाली. "आता लागणार नाही."